क्षेत्र चौदा, ब्याऐंशी टक्के

‘वने ही मानवजातीची फुफ्फुसे आहेत, आणि त्यांचे संरक्षण हे पिढ्यान्‌पिढ्यांवर सोपवलेले परमपवित्र कर्तव्य आहे.’

हे वाक्य ज्याने लिहिले त्याने जंगल फक्त कॅलेंडरवर पाहिले होते. वनखात्याच्या विभागीय कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला, मुतारीला लागून असलेल्या खोलीत तो बत्तीस वर्षे बसत होता. खिडकी उघडली की वास येई. त्यामुळे मानवजातीच्या फुफ्फुसांचा सगळा कारभार खिडकी बंद करून चाले.

आणि आज सकाळी पावणेअकरा वाजता, म्हणजे एरवी ज्या वेळी तो दिवसाचा पहिला चहा पीत असे त्या वेळी, हा कारकून एका जीपमधून खाली उतरला, त्याने समोर पाहिले, आणि उघडलेले तोंड मिटायचे राहून गेले.

समोर झाडे होती.

एक-दोन नव्हेत. डोळा पोचेल तिथपर्यंत टेकडीच्या अंगावर झाडे होती. उंच, बुटकी, जाड बुंध्याची, काटकुळी; आणि वाऱ्याने त्या सगळ्यांचा मिळून असा आवाज येत होता की जणू मोठ्या सभेत लोक हळू आवाजात त्याच्याविषयीच बोलत आहेत.

“हे काय आहे?” मागोमाग उतरलेल्या खाणवाल्याने विचारले.

कारकुनाने हातातल्या कागदाकडे पाहिले. कागदावर स्वच्छ लिहिले होते की येथे काहीही नाही.

“हे जळालेलं आहे,” तो म्हणाला.

“हिरवं दिसतंय.”

“तीन आठवड्यांपूर्वी जळालं. संपूर्ण.”

खाणवाल्याने गॉगल काढला, पुसला, पुन्हा चढवला. खडीच्या खाणीच्या कंपनीत जमिनी ताब्यात घेण्याचे काम तो करी. माणूस वाईट नव्हता. त्याला दगड आवडत, एवढेच. त्याने पुढे जाऊन एका बुंध्यावर थाप मारली. वरून एक पक्षी ओरडून उडाला.

“साहेब,” तो म्हणाला, “जळाल्याला हे फारच तब्येतीत आहे.”

कारकून जीपच्या पायरीवर बसला. 

त्याला कचेरीत ब्याऐंशीराव म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्याला ते ठाऊक होते. हे नाव पडायला बत्तीस वर्षांपूर्वीची एक दुपार कारण झाली. तेव्हा तो नवा होता, केस होते, आणि खरे लिहावे अशी त्याची समजूत होती. क्षेत्र क्रमांक चौदा नावाच्या उजाड टेकडीवर खात्याने दहा हजार रोपे लावली होती. ती लावली उन्हाळ्याच्या तोंडाशी, कारण मंजुरी उन्हाळ्याच्या तोंडाशी आली. वर्षअखेरीस अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा तो त्या वेळच्या साहेबांकडे गेला.

“किती जगली म्हणून लिहू, साहेब?”

साहेब पान उलटत म्हणाले, “ऐंशीच्या खाली लिहिलंस तर वरून खुलासा मागायला येतात. पंच्याऐंशीच्या वर लिहिलंस तर बक्षीस द्यायला येतात. येतात दोन्ही वेळा. आणि आपल्याला कुणी यायला नकोय. ब्याऐंशी लिही.”

दहा हजारांचे ब्याऐंशी टक्के म्हणजे आठ हजार दोनशे. तो आकडा त्याने लिहिला. दुसऱ्या वर्षी वर्ष बदलून तोच लिहिला. मग साहेब बदलले, कचेरीचा रंग बदलला, टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, त्याची मुलगी लग्न होऊन गेली. क्षेत्र चौदामध्ये मात्र आठ हजार दोनशे झाडे जिवंत राहिली. एक मेले नाही, एक वाढले नाही. अशी शिस्तबद्ध झाडे जगात दुसरीकडे कुठे नसतील. इकडे घराच्या गच्चीत त्याची एकच कुंडी होती. तिच्यात बायकोने तीन वेळा रोप लावले आणि तो पाणी घालायला विसरल्याने तिन्ही वेळा वाळले. “बाहेर ब्याऐंशी आणि घरात शून्य,” बायको म्हणे, “सरकारी माणूस आहात अगदी.”

निवृत्तीला चार महिने उरले होते. बायकोने निवृत्तीनंतरच्या दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, खिडक्यांची मापे घेतली होती, पडद्याचे कापडसुद्धा आणून ठेवले होते. फिकट निळे. आणि नेमक्या अशा वेळी कचेरीत नव्या बाई साहेब म्हणून आल्या.

“मी खुर्चीत बसून काम करत नाही,” बाईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केले. “प्रत्येक क्षेत्र स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. सुरुवात चौदापासून. बत्तीस वर्षं ब्याऐंशी टक्के! कमाल आहे. मला ती झाडं बघायचीच आहेत.”

कारकुनाने त्या दिवशीचा डबा उघडलाच नाही. शेवटी त्याने कचेरीच्या शिपायाला विश्वासात घेतले. शिपायाची नोकरी पस्तीस वर्षांची. अनुभव त्याहून जास्त.

“नाहीशी करा झाडं,” शिपाई शांतपणे म्हणाला.

“अरे, पण कशी?”

“पूर लिहू नका, टेकडी आहे. चोरी लिहू नका, पोलीस येतात. वाळवी लिहिलीत तर शास्त्रज्ञ येतात. वणवा लिहा. वणव्यानंतर कुणी येत नाही. बघायला काही उरतच नाही ना!”

कारकुनाने वणवा लिहिला. चांगला लिहिला, ‘आगीने रौद्र रूप धारण केले’ असे एक वाक्यसुद्धा घातले. बाईंनी वाचले, खरोखरच त्यांचे डोळे भरून आले, त्या “अरेरे” म्हणाल्या आणि दौरा रद्द केला. कारकून त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपला.

पण सरकारी कागद एकटा कधीच झोपत नाही. क्षेत्र चौदा आता वृक्षविहीन ठरले होते, आणि त्या टेकडीच्या पोटात उत्तम प्रतीचा दगड होता. खडीच्या खाणीचा अर्ज सहा वर्षे त्याच कचेरीच्या कपाटात पडून होता. झाडे असल्यामुळे तो मंजूर होत नव्हता. आता नऊ दिवसांत मंजूर झाला. जागेवर जाऊन ताबा द्यायचा, ताबापावतीवर सही करायची, आणि यायचे. कोण जाणार? ज्याने बत्तीस वर्षे ते क्षेत्र सांभाळले तो.

म्हणून तो आज आला होता. उजाड टेकडी कंपनीच्या हाती देऊन चारच्या आत परत फिरायचे, असा बेत होता.

“मग?” खाणवाला म्हणाला. “सही करता?”

“पण झाडं आहेत ना!”

“साहेब, मला काय त्याचं? कागदावर जळालीत, तर जळालीत. तुम्ही सही करा, आम्ही काढून घेऊ. लाकूड तेवढं वरचं मिळालं असं समजू.”

“जळाली नाहीत ती.”

“मग जळाली असं कुणी लिहिलं?”

यावर कारकून काही बोलणार, एवढ्यात झाडांमधून एक माणूस आला. साठी उलटलेला, वाळका, अंगात खाकी शर्ट. शर्ट इतक्या वेळा धुतलेला होता की खाकी हा रंग न राहता नुसती आठवण उरली होती. गुडघ्यांत तो जरा जपून वाकत होता. एका हातात रॉकेलचा डबा होता, दुसऱ्या हातात काडेपेटी. जीपवरचे खात्याचे चिन्ह पाहताच त्याने डबा खाली ठेवला आणि ताठ उभा राहिला.

“कचेरीतून आलात का, साहेब? मी राखणदार. क्षेत्र चौदा.”

या क्षेत्राला राखणदार आहे हे कारकुनाला माहीत होते. तसे अहवालाच्या शेवटी दर वर्षी छापलेले असे: ‘प्रत: राखणदार, क्षेत्र चौदा, माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी.’ पण त्या ओळीच्या पलीकडे एक माणूस असेल, त्याला गुडघे असतील, असे त्याच्या कधी मनात आले नव्हते.

“अहवालावर ज्यांची सही असते ना,” राखणदार विचारत होता, “तेच साहेब आलेत का कुणी दुसरे?”

“तोच मी,” कारकून म्हणाला. 

राखणदार त्याच्याकडे बघतच राहिला. मग चटकन पुढे झाला, हात पुढे केला, हाताला माती आहे हे पाहून मागे घेतला.

“या, या. बत्तीस वर्षं वाट बघितली तुमची. हिला फार वाटायचं, एकदा तुम्ही यावं. माझी बायको. सात वर्षं झाली जाऊन. म्हणायची, त्या कचेरीतल्या माणसाला एकदा बोलावून आण, त्याच्या हातात कुदळच देते.”

खाणवाला हसला. कारकून हसला नाही.

“मामा,” तो म्हणाला, “ही झाडं आली कुठून?”

राखणदाराला प्रश्न कळला नाही. “कुठून म्हणजे? तुम्ही लिहिलंत ना!”

झाडांच्या कडेला त्याची पत्र्याची खोली होती. तिथे त्याने दोघांना नेले. आत एक खाट, एक चूल, आणि भिंतीला लागून पत्र्याची पेटी. पेटीतून त्याने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला गठ्ठा काढला. बत्तीस अहवाल. बत्तीस प्रती. कारकुनाने स्वतःची सही ओळखली. पहिल्या वर्षीची सही फारच वळणदार होती.

“पहिल्या वर्षी हा आला,” राखणदार म्हणाला. “आठ हजार दोनशे. मी मोजली होती, तर भरली तीनशे अकरा.”

“तीनशे अकरा.”

“चार वेळा मोजली. हीसुद्धा मोजायला आली. तीनशे अकराच. घाबरगुंडी उडाली माझी. कचेरी खोटं कशाला लिहील? म्हणजे आठ हजार दोनशे होती, आणि माझ्या राखणीत मेली. मी लगेच पत्र टाकलं तुम्हाला, की साहेब, कमी भरतात. तुमचं उत्तर आलं.”

त्याने उत्तर काढून दिले. कारकुनाला ते आठवत नव्हते. आठवण्यासारखे नव्हतेच. अशा पत्रांना छापील उत्तर असे, शिपाई ते पाकिटात घालत असे. ‘अहवालात नमूद संख्या कायम राखण्याची जबाबदारी संबंधित राखणदाराची राहील.’

“मग काय करता?” राखणदार म्हणाला. “जी तीनशे अकरा होती, त्यांचंच बी गोळा केलं. हिने मागे वाफे केले. दर वर्षी लावायची, पाणी वाहून आणायचं खालून, मरतील तेवढी पुन्हा लावायची. अकरा वर्षं लागली आकडा भरायला. अकरा वर्षं झोप नव्हती साहेब. कधी तपासणी येईल, कधी मोजतील, आणि कमी भरतील. जीप वाजली की कुदळ टाकून आधी मोजायला पळायचो.”

कारकुनाने खाटेची कड धरली. तोच धाक, तीच अकरा वर्षे. इथून नव्वद मैलांवर, बंद खिडकीच्या खोलीत, तोही जिन्यावर बूट वाजले की असाच दचकत होता.

“आणि आकडा भरल्यावर?” खाणवाल्याने विचारले. तो आता दारात उकिडवा बसला होता आणि गॉगल त्याने खिशात टाकला होता.

“भरल्यावर सोपं आहे. दर वर्षी शे-दीडशे जातात, तेवढी लावायची. एक साल सोडून.” राखणदाराने आवाज खाली आणला आणि कारकुनाकडे पाहिले. “साहेब, तुम्ही आलातच आहात तर सांगून टाकतो. मनावर ओझं आहे. माझ्याकडे साठ झाडं बेहिशेबी आहेत.”

“बेहिशेबी?”

“एका वर्षी तुम्ही आठ हजार दोनशे साठ लिहिलंत.”

कॉम्प्युटर आला त्या वर्षी, कारकुनाला आठवले. बोट घसरले होते. कुणीच वाचत नसल्याने ते दुरुस्तही केले नव्हते.

“मी वरच्या अंगाला साठ लावली. जागा नव्हती, दगड फोडून लावली. पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा आठ हजार दोनशे. आता साठ काढायला पाहिजेत ना? कुऱ्हाड घेऊन गेलोसुद्धा. पण एव्हाना ती कमरेएवढी झाली होती. नाही काढली. मोजताना ती रांग सोडून मोजतो. काय शिक्षा असेल ती द्या.”

 बाहेर झाडांची ती सभा चालूच होती.

“खालच्या वस्तीला आता बारा महिने पाणी असतं,” राखणदार म्हणाला, बहुधा शिक्षा कमी व्हावी म्हणून. “पूर्वी ओढा थंडीतच आटायचा.”

कारकुनाचे लक्ष दाराशी गेले. तिथे रॉकेलचा डबा होता.

“मामा,” त्याने विचारले, “तो डबा कशाला?”

राखणदाराची मान खाली गेली. त्याने शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. कागद नवा होता. घड्यांवर मात्र आठ दिवसांत बराच जुना झाला होता.

“हे आलं,” तो म्हणाला.

कारकुनाने कागद उघडला नाही. त्यात काय आहे ते त्याला पाठ होते. ‘आगीने रौद्र रूप धारण केले व क्षेत्रातील संपूर्ण वृक्षराजी नष्ट झाली.’ आणि तळाला, न विचारता, न बघता, बत्तीस वर्षांच्या सवयीने: ‘प्रत: राखणदार, क्षेत्र चौदा, माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी.’

“मी आधी वणवा शोधला, साहेब. खरं सांगतो. दर वर्षी चारी बाजूंनी आग अडवायचा पट्टा, जाळरेषा, साफ ठेवतो, गवत काढतो, वाळला पाला जमू देत नाही. वणवा लागणार कुठून? पण तुम्ही लिहिलंत, म्हणजे लागला असेल. दोन दिवस फिरलो. कुठेच नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या वर्षीसारखंच आहे. आधी तुम्ही लिहिता. मग मी करायचं.”

खाणवाला उभा राहिला. “अहो मामा!”

“सहा दिवस झाले डबा घेऊन फिरतोय,” राखणदार म्हणाला. तो कुणाकडेच बघत नव्हता. “रोज सकाळी जातो. एकदा काडी ओढलीसुद्धा, पण वाऱ्याने विझली. मग दुसरी ओढवली नाही. वाटलं, आधी त्या साठांपासून सुरुवात करू, ती तशीही हिशेबात नाहीत. तीही नाही झाली. साहेब, बत्तीस वर्षांत तुमच्या एकाही कागदाची कार्यवाही बाकी ठेवली नाही मी. ही पहिलीच. होत नाही माझ्याच्यानं. माफी करा.”

आणि त्याने कारकुनापुढे हात जोडले.

कारकुनाला आपण उठून उभे राहिलो हे कळले नाही. तो बाहेर आला. पहिल्या रांगेपाशी गेला. एका बुंध्यावर हात ठेवला. साल खरखरीत होती आणि उन्हाने गरम झाली होती. एक, तो म्हणाला. पुढच्यावर हात ठेवला. दोन. तेविसाव्या झाडापाशी एक मुंगळा हातावर चढला, तो झटकताना आकडा चुकला, म्हणून तो मागे येऊन पहिल्यापासून पुन्हा मोजू लागला. एका रांगेत एक्केचाळीस निघाली. अशा किती रांगा आहेत ते इथून दिसत नव्हते. एवढी झाडे त्याने आपल्या हाताने, एका पानावर, तीन आठवड्यांपूर्वी जाळली होती. आणि आणखी एक काडी ओढली गेली असती, वारा जरा पडला असता, तर आज त्याचा कागद खरा ठरला असता. तो सही करून चारच्या आत परतला असता, आणि त्याला हे कधी कळलेही नसते.

 

तो परत खोलीत आला तेव्हा खाणवाला काडेपेटी स्वतःच्या खिशात घालत होता. “राहू दे माझ्याकडे,” तो कुणाकडे न बघता म्हणाला.

“ताबापावती द्या,” कारकून म्हणाला.

“सही करताय?”

“पाठीमागची बाजू कोरी आहे ना?”

पेटीवर कागद ठेवून तो लिहू लागला. ‘क्षेत्र क्रमांक चौदा येथे कोणताही वणवा लागलेला नाही. वणवा लागल्याचे अनवधानाने नमूद करण्यात आले होते.’ एवढे लिहून तो थांबला. वाक्य चांगले होते. त्यात कुणीच काही केलेले नव्हते. त्याने ते खोडले आणि खाली लिहिले: ‘वणवा मी लिहिला. तो खोटा होता. येथे जंगल आहे. मी आज प्रथमच पाहिले. या क्षेत्राचा ताबा देता येणार नाही.’ आणि सही केली. ती पहिल्या वर्षीसारखी वळणदार आली नाही.

खाणवाल्याने खांद्यावरून वाचले. 

“किती महिने राहिलेत तुमचे?”

“चार.”

“आणि हा कागद वर गेल्यावर पेन्शन?”

कारकुनाच्या डोळ्यांपुढे फिकट निळे कापड आले. त्याला अजून शिवणही घातलेली नव्हती. “बघू,” तो म्हणाला. “बायकोला सांगायला लागेल.”

“आम्ही कुठे सांगणार,” खाणवाला पुटपुटला. “दगड घ्यायला गेलो आणि जागेवर जंगल निघालं! कंपनीत वेड्यात काढतील मला.” पण कागद त्याने नीट घडी घालून गॉगलच्या डबीत ठेवला, मोडू नये म्हणून, आणि जीपकडे गेला.

“साहेब,” राखणदाराने विचारले, “याच्यात माझी कार्यवाही काय?”

“काही नाही, मामा. काही करायचं नाही.”

त्याला ते पटलेले दिसले नाही. काहीच करायचे नाही असा कागद त्याला आजवर आला नव्हता.

“मामा, एक सांगायचंय,” कारकून म्हणाला. जीपचा भोंगा वाजला, पण तो हलला नाही. “मी झाडं कधी मोजली नव्हती. एकदाही नाही. इथे आलोच नव्हतो कधी. तो आकडा तेव्हाच्या साहेबांनी सांगितला. असाच. बसल्या बसल्या.”

राखणदाराच्या कानावर पडलेले आत पोचायला वेळ लागत होता.

“असाच?”

“असाच.”

“म्हणजे तीनशे अकराच होती?”

“हो.”

“म्हणजे माझ्या राखणीत मेली नव्हती.”

“नव्हती.”

राखणदार खाटेवर बसला. दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवून, उघड्या दारातून, वाफे होते त्या बाजूला बघत राहिला.

“हिला सांगायला पाहिजे होतं,” तो म्हणाला. “ती शेवटपर्यंत म्हणायची, आपलंच कुठेतरी पाणी कमी पडलं.”

 तीनशे अकराची आठ हजार दोनशे करणाऱ्या माणसाला काय म्हणायचे याचा नमुना कचेरीत कुठल्याही फाइलला नव्हता. कारकुनाने नुसताच हात पुढे केला. या वेळी राखणदाराने मातीचा हात मागे घेतला नाही.

भोंगा पुन्हा वाजला. कारकून चालू लागला. जीपपर्यंत पोचला असेल नसेल, तेवढ्यात मागून हाक आली.

“साहेब, ओ साहेब!”

राखणदार जपून जपून, एकेक पाय टाकत येत होता. जवळ येऊन त्याने दम खाल्ला, इकडेतिकडे पाहिले, आणि झाडांनी ऐकू नये अशा बेताने हळूच म्हणाला,

“आकडा असाच असतो म्हणताय, तर पुढच्या वर्षी जरा ऐंशी टक्केच लिहा ना. गुडघे फार दुखतात.”